दुष्काळात घातलेला बांध

माझं माहेर कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातलं आणि सासर राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या फुगवट्यावर. ही सोयरीक जमली ती एका होडीमुळे.

वडील खलाशी होते. धरणाचं काम चालू असताना पाण्याची खोली मोजायला आणि माणसं अल्याड-पल्याड न्यायला होडी चालवणारा माणूस हवा होता. असा माणूस घाटावर कुठून मिळणार? वडिलांना ती नोकरी मिळाली आणि आम्ही धरणाच्या वसाहतीत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी तेव्हा बारा वर्षांची होते. पुन्हा मोठ्या पाण्याकाठी राहायचं म्हणून मला बरं वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी काठावर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, ते गोड लागलं आणि मला रडू आलं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, त्या होडीतून नेहमी येत-जात. हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्ज. धरणात पाणी अडायला लागलं तशी नदीकाठची रानं बुडाली. मामंजींची बहुतेक जमीन त्यातच गेली. तिच्या बदल्यात लांबच्या गावात जमीन मिळाली, ती त्यांचे धाकटे भाऊ पाहत. इथे वरच्या अंगाला एकच तुकडा उरला होता. दोन्ही बाजूंना माळाचे उंचवटे, मधे काळं रान, आणि खालच्या बाजूनं धरणाकडे उघडं तोंड. नकाशाप्रमाणे हा तुकडा पाण्याबाहेर होता. हद्दीचा दगडसुद्धा त्याच्या खाली रोवला होता. पण धरण चढलं की पाणी दगड ओलांडून वर येई आणि अर्ध्याहून अधिक रानात कमरेइतकं उभं राही. ते ओसरेपर्यंत शाळूच्या पेरणीचे दिवस निघून जात. अर्ज केले की साहेब पाहायला येत, ते उन्हाळ्यात. तेव्हा रान कोरडं ठणठणीत असे. दगड आहे तिथे आहे, रान आहे तिथे आहे, असं लिहून ते परत जात. त्यात साहेबांचीही काही लबाडी नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते तसंच होतं.

होडीत बसल्याबसल्या मामंजींनी वडिलांना एकदा विचारलं की तुमच्याकडे समुद्र असा रानात घुसतो का. वडिलांनी त्यांना आमच्या खारजमिनीची गोष्ट सांगितली. खाडीच्या अंगाला मातीचा बांध घालायचा. बांधात एक लाकडी दार ठेवायचं, त्याला उघाडी म्हणतात. दार वरच्या कडेला टांगलेलं आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं, दार आपोआप घट्ट बसतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, मग आत साठलेलं पावसाचं पाणी दार ढकलून निघून जातं. दोन-तीन पावसाळ्यांत मातीतलं मीठ धुतलं जातं आणि जिथे बोईट मासे पोहत होते तिथे भात उभा राहतो.

"म्हंजी समुद्र हटतो म्हना की," मामंजी म्हणाले.

"हटत नाय," वडील म्हणाले. "पण येताना वेळेवर येतो, जाताना वेळेवर जातो. आपल्याला तेवढं पुरतं."

मी त्या दिवशी होडीत होते. शाळेतून परत येत होते. बोलता बोलता मीही दोन गोष्टी सांगितल्या. बांधाला खेकड्यांची भोकं पडतात ती कशी बुजवायची, खांड पडली म्हणजे बांध फुटला तर सगळं गाव कसं चिखल घेऊन धावतं, असं काहीबाही. लहानपणी मी आजोबांच्या मागोमाग बांधावरून फिरत असे. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मॅट्रिक झाले त्या वर्षी त्यांनी मला मागणी घातली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढे कधीतरी चेष्टेनं म्हणत की लोक सून आणताना रंग बघतात, उंची बघतात, यांनी बांध घालता येतो का ते बघितलं.

पण ती चेष्टा फार पुढची. सुरुवातीला आत्याबाई माझ्याशी मोजकंच बोलत. मी भाकरी थापायला शिकले होते तरी माझी भाकरी जाड व्हायची. माझं 'नाय' आणि 'गो' ऐकून शेजारणी हसत. सुकटीचं नाव काढलं तरी आत्याबाई पदर नाकाला लावत. माझे यजमान साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते, आठवड्यातून एकदा सुट्टीला घरी येत. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच.

लग्नानंतर लगेच दुष्काळाचं वर्ष आलं. त्याआधीचंही वर्ष कोरडंच गेलं होतं. धरणाचं पाणी मागे मागे गेलं, इतकं की बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली. विहिरी आटल्या. बायका धरणाच्या पोटात उतरून झिरे खणत आणि वाटीवाटीनं घागर भरत. वडिलांची होडी चिखलावर कलती पडून होती. गावातली बहुतेक माणसं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात.

अशा वेळी, माघ महिन्यात, मामंजी एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "सूनबाई, बांध घालायचा तर ह्याच साली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. पाणी असताना पाण्यात बांध घालता येत नाही. आता सगळं कोरडं आहे, पाया खणता येईल, खालचा ओला गाळ गाडीनं आणता येईल. असं साल पुन्हा येऊ नये, पण आलंच आहे तर वाया का घालवायचं.

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "अख्खं गाव पान्यासाठी देव पान्यात घालून बसलंय, अन् तुमी पानी येऊ नये म्हनून बांध घालनार."

दुसऱ्या दिवशी मामंजी टिकाव घेऊन रानाच्या खालच्या तोंडाशी गेले आणि मला बोलावून घेतलं.

माहेरी बांधाची आखणी कशी करतात ते मी पाहिलं होतं, पण स्वतः कधी केली नव्हती. तरी मी धीर करून सांगितलं. आधी चर खणायचा, कठीण मातीला लागेपर्यंत. नाहीतर पाणी बांधावरून येत नाही, बांधाखालून येतं. मग त्या चरात ओला गाळ भरायचा आणि तुडवायचा. एक थर झाला की दुसरा. मामंजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट बदलली. ते म्हणाले की तुमच्याकडची माती बारा महिने ओली असेल, इथली काळी माती उन्हात फाटते, भेगेत हात जाईल इतकी. नुसत्या काळीचा बांध वैशाखात उभा चिरेल. म्हणून मधे काळ्या मातीची भिंत घालायची आणि तिला दोन्ही अंगांनी मुरमाचं पांघरूण. धरणाची मोठी भिंत अशीच बांधलेली त्यांनी पाहिली होती. ज्या भिंतीनं त्यांचं रान बुडवलं, तिचं काम बघायला ते वर्षानुवर्षं जात होते हे मला तेव्हा कळलं.

आम्ही दोघांनी काम सुरू केलं. मामंजी खणत, मी पाटीनं माती उपसे. बैलजोडी रोडावली होती, म्हणून गाडी अर्धीच भरायची आणि दिवसातून दोनच खेपा करायच्या. धरणाच्या काठचा ओला गाळ आणून चरात टाकला की तो वाळायच्या आत तुडवावा लागे. मी लुगडं वर खोचून तास तास त्या गाळात पाय मारत असे. सुट्टीच्या दिवशी यजमानही येत आणि आम्ही तिघं त्या गाळात नाचल्यासारखे गोल गोल फिरत असू. लाज वाटायची, आणि मजाही वाटायची.

गावाला मात्र मजा वाटत नव्हती. झिऱ्यावर मी घागर घेऊन गेले की बोलणं थांबायचं. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं मला सरळच सांगितलं की तुझ्या बांधामुळे पाऊस येईना. तिच्या आवाजात राग नव्हता. थकलेल्या माणसाला कुठेतरी बोट दाखवायचं असतं, तसं ते होतं. तरी मला ते फार लागलं. त्या दिवशी मी रिकामी घागर घेऊन घरी आले. आत्याबाईंनी माझ्या हातातली घागर घेतली, स्वतः गेल्या आणि तासाभरानं भरून आणली. झिऱ्यावर त्या कुणाशी काय बोलल्या ते मला आजतागायत माहीत नाही. पण त्यानंतर मला पुन्हा कुणी तसं बोललं नाही.

मला स्वतःलाही प्रश्न पडायचा. पाणी देवाघरून मागून आणायचं आणि ते आलं की त्याला इथे येऊ नको म्हणायचं, हे बरोबर आहे का? माहेरी हा प्रश्न कधी पडला नव्हता. समुद्राचं पाणी कुणी मागून आणत नाही. तिथे बांध म्हणजे नुसतं राखण. इथे मात्र बांधाच्या एका बाजूला तहान होती, आणि आम्ही दुसऱ्या बाजूची काळजी करत होतो. मी एकदा हे मामंजींना बोलून दाखवलं. त्यांनी टिकाव खाली ठेवला. मग म्हणाले, "पानी खाली तांबड्या-काळ्या रानांना जाईल, कालव्यानं. जाऊ दे, त्यांचंबी भलं होऊ दे. आपलं एवढं रान ऱ्हावं, इतकंच."

चैत्रात वडील बांध बघायला आले. एस.टी.तून उतरून ऊन डोक्यावर घेत चालत आले होते. बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मधे मधे थांबून टाच रोवून बघितली. एका ठिकाणी टाच आत गेली. तिथली माती पुन्हा उकरायला लावली. "पायानं मागितली तेवढी माती दिली नाय बाय तू," एवढंच म्हणाले. मग उघाडीची जागा त्यांनी स्वतः ठरवली, रानाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात. सुतारानं बाभळीच्या फळ्यांचं दार केलं. पाणी झिरपू नये म्हणून दाराच्या कडांना लावायला मामंजींनी माळ्यावरून जुन्या मोटेचं चामडं काढून दिलं. आमच्या गावी कापड आणि डांबर लावत. वडिलांनी ते चामडं बोटांनी चोळून बघितलं आणि हे त्याहून चांगलं आहे म्हणाले. दोघे व्याही दाराला चामडं ठोकत बसले होते ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकानं जन्मभर पाणी वर ओढलं होतं, एकानं जन्म पाण्यावर काढला होता.

दुपारी जेवायला बसल्यावर आत्याबाईंनी वडिलांना विचारलं, "आत पाऊस पडला तर ते पानी जायाचं कुटून?"

मीच पटकन उत्तर दिलं, "उघाडीतनं."

"अन् भाईर धरनाचं पानी उभं असलं तर?"

"ते उतरलं की जाईल," मी म्हटलं. वडिलांनीही मान हलवली. आत्याबाईंनी आमटी वाढली.

बांध पुरा झाला तो वैशाखात. माझ्या छातीइतका उंच, वर दोन माणसं शेजारी शेजारी चालतील इतका रुंद. पाण्याच्या अंगाला दगड लावले होते. पलीकडे पाणी कुठेच नव्हतं. भेगाळलेल्या गाळावर बांधाची सावली तेवढी पडायची.

त्या पावसाळ्यात मात्र पाऊस झाला. आमच्या गावात तो बेताचाच होता, पण मुळेचं पाणी येतं ते वरून, घाटमाथ्याकडून. श्रावणात आमच्याकडे ऊन असायचं आणि धरण चढत असायचं. मी रोज सकाळी काठावर एक काडी रोवून येत असे. दुसऱ्या दिवशी काडी पाण्यात गेलेली असे. खूप हळू चाललेल्या भरतीसारखं ते होतं. भाद्रपदात पाणी हद्दीच्या दगडाशी आलं, दगड बुडाला, आणि एका सकाळी ते बांधाच्या पायथ्याला लागलं. पाहता पाहता गुडघाभर झालं, मांडीभर झालं. मी आतल्या बाजूला बसून बांधाचा पाया हातांनी चाचपत होते. दोन ठिकाणी ओल आली होती. तिथे गाळ लावून तुडवला. बाकी आतलं रान वापशावर, पेरणीजोगं आलेलं होतं, काळं आणि मऊ. इकडे रान, तिकडे पाणी, आणि पाण्याची पातळी रानाहून उंच. गावातली माणसं ते बघायला येऊ लागली. बांधावर उभी राहायची, एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे बघायची. झिऱ्यावर मला बोललेली ती म्हातारी बाईही आली होती. तिनं बांधाला हात लावून नमस्कार केला. मला ते आवडलं नाही.

मामंजींनी वेळेवर शाळू पेरला. आठ-दहा दिवसांत ओळी दिसायला लागल्या. ते दोन्ही हात मागे बांधून बांधावरून फिरत तेव्हा त्यांची चाल वेगळीच असायची.

मग हस्ताचा पाऊस आला. एका दुपारी ढग भरून आले आणि संध्याकाळपर्यंत असा कोसळला की त्या वर्षात तसा पाऊस आमच्याकडे झाला नव्हता. गाव आनंदात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामंजी रानात गेलो. दोन्ही उंचवट्यांवरचं पाणी वाहत येऊन आमच्या रानात साठलं होतं. कोवळ्या पिकाची वरची पानं तेवढी पाण्याबाहेर होती, सखल कोपऱ्यात तीही नव्हती. बांध जागच्या जागी होता. आता तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नव्हता आणि आतलं बाहेर जाऊ देत नव्हता.

मी उघाडीपाशी गेले. दार बंद होतं. बंदच असणार. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याहून हातभर उंच होतं. मी तिथे बसून राहिले. खरंच सांगते, काही वेळ मी ओहोटीची वाट बघत होते. मनानं नाही, सवयीनं. मग एकदम लक्षात आलं की इथे ओहोटी येणार ती माघात, चार महिन्यांनी. वडील आणि मी, आम्ही दोघंही समुद्राकाठची माणसं. पाणी चढलं की ते सहा तासांनी उतरतं, हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की त्याचा विचार करायचं आम्हाला सुचलंच नाही. आत्याबाईंनी विचारलं तेव्हाही सुचलं नाही.

मामंजी माझ्याकडे आले. मी म्हटलं, "मामंजी, माझं चुकलं. हे दार आता उघडणार नाही."

ते पाण्याकडे बघत राहिले. शाळूचं कोवळं पीक दोन-तीन दिवसांपलीकडे पाण्यात तग धरत नाही, हे ते जाणून होते. आम्ही घरी आलो. मी अंगणातच थांबले, आत जायची हिंमत होईना. मामंजींनी आत्याबाईंना काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील की मी तेव्हाच विचारलं होतं. तसं म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता.

त्या बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि मामंजींना म्हणाल्या, "गोठ्यातलं इंजन कशाला ठिवलंय मग? काडा की."

नदीकाठची विहीर बुडायच्या आधी मामंजींनी तिच्यावरचं ऑइल इंजिन आणि पंप काढून आणला होता. गिऱ्हाइकं येऊन गेली, पण त्यांनी तो विकला नव्हता. विहीर नाही तर इंजिन कशाला, असं सगळेच म्हणत. गोणपाटं पांघरून ते गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं होतं. विहिरीतून रानात पाणी चढवण्यासाठी घेतलेलं इंजिन रानातलं पाणी बाहेर फेकू शकेल, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आत्याबाईंना सुचलं.

यजमान कारखान्यावर होते. निरोप धाडून ते येईपर्यंत दिवस गेला असता. शेजारच्या चौघांना बोलावून इंजिन गाडीवर चढवलं आणि बांधावर नेलं. सखल कोपऱ्यात कमरेइतका खड्डा केला, त्यात पंपाची नळी सोडली, दुसरी नळी बांधावरून धरणाच्या बाजूला टाकली. पंप चालू व्हायचा तर आधी त्यात वरून पाणी भरावं लागतं. आत्याबाई घागरीनं पाणी ओतत होत्या आणि मामंजी हँडल मारत होते. इंजिन कित्येक वर्षं बंद होतं. हँडल मारून मामंजींना दम लागला. मग मी मारलं. मग शेजाऱ्यांनी मारलं. काळ्या धुराचा एक भपकारा आला, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मामंजींनी फडक्यानं नळ्या पुसल्या, तेल बघितलं, पुन्हा सुरुवात केली. पाचव्या की सहाव्या वेळी ते धरलं. नळीतून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, आणि मग धार जी लागली ती दिवस मावळेपर्यंत लागून राहिली.

धार धरणात पडताना बघून शेजाऱ्यांतला एक जण हसायला लागला. इतकी वर्षं नदीचं पाणी रानाला, आता रानाचं पाणी नदीला, असं काहीतरी तो म्हणाला. मामंजीही हसले. मी हसू शकले नाही. मी खड्ड्यापाशी उभी राहून नळीच्या तोंडाशी येणारा पाचोळा काढत होते. आत्याबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुज्या गावाला पानी रोज उतरतं, हे खरं हाय का गं?"

"रोज दोनदा," मी म्हटलं.

"मंग तुजं काय चुकलं? तिथं ते बरूबर हाय."

इतकंच. पण त्या दिवसापासून आमच्या दोघींमधलं काहीतरी सैल झालं. माझी भाकरी जाडच राहिली. त्यांनी ती तशीच खायला सुरुवात केली.

सखल कोपऱ्यातलं पीक गेलं. वरचं सगळं वाचलं. त्यानंतर दोनदा इंजिन चालवावं लागलं, तेव्हा खड्डा तयार होता आणि यजमानांनी सुट्टीत येऊन इंजिन साफ करून ठेवलं होतं. वडिलांना मी पत्रानं सगळं कळवलं. पुढच्या रविवारी ते आले. उघाडीपाशी जाऊन बराच वेळ दाराकडे बघत उभे राहिले. मला म्हणाले की चाळीस वर्षं पाण्यावर काढून मला इतकं साधं कळलं नाय. त्यांना वाईट वाटलं होतं. मामंजींनी त्यांना हाताला धरून शाळूच्या ओळींमधून फिरवून आणलं, मग त्यांचा उतरलेला चेहरा जरा खुलला.

फाल्गुनात कापणी झाली. कणसं बरी भरली होती. त्याच रानातून किती तरी वर्षांनी धान्य घरात येत होतं. आत्याबाईंनी पहिल्या भाकरी भाजल्या आणि त्यातल्या चार फडक्यात बांधून झिऱ्यावरच्या त्या म्हातारीकडे स्वतः नेऊन दिल्या.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढच्या दोन वर्षांत खालच्या कोपऱ्यात जमिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट होती. बांधाखालून झिरपणारं पाणी उन्हानं उडून जात होतं आणि मीठ वर ठेवून जात होतं. माहेरी मीठ धुऊन न्यायला धो धो पाऊस असतो, इथे तेवढा पाऊस नाही. तो कोपरा आम्ही गवताला सोडून दिला. बाकीचं रान पिकत राहिलं. जमीन पाण्याकडून परत घेता येते, पण सगळी देत नाही ते. थोडी स्वतःकडे ठेवतंच.

त्या पहिल्या कापणीनंतर, वैशाखात, आत्याबाई मला म्हणाल्या की मला ते पाणी उतरताना बघायचंय. मला वाटलं, सहज बोलल्या असतील. पण त्यांनी लुगडी पिशवीत भरून ठेवली होती. मामंजींना त्यांनी सांगितलं की चार दिवस तुम्ही तुमचं करून खा. त्या आधी नगरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

आम्ही दोघी एस.टी.नं निघालो. घाट उतरताना त्यांना मळमळलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. गावी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, भरती होती, खाडी काठोकाठ भरलेली होती. आत्याबाईंनी लांबूनच बघितलं आणि जेवून झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बांधावर नेलं. पाणी बांधाला लागलेलं होतं. त्या तिथेच, बांधावर, माझ्या आजोबांच्या रानाकडे पाठ करून बसल्या. मी म्हटलं, आत्याबाई, याला वेळ लागतो, तासाभरानं परत येऊ. नको म्हणाल्या.

ऊन चढलं. पाणी हळूहळू मागे गेलं. आधी दगड ओले दिसले, मग चिखल, मग चिखलात पळणारे खेकडे, मग खाडीच्या मधोमध उरलेली पाण्याची चिंचोळी रेघ. उघाडीचं दार आतून ढकललं गेलं आणि आतल्या खारजमिनीत झिरपून साठलेलं पाणी एका लयीत बाहेर पडू लागलं. आत्याबाई वाकून त्या धारेकडे बघत होत्या. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "हे कुनी सुरू करतं का?"

"नाही. आपोआप."

"इंजनाबिगर," त्या म्हणाल्या, आणि मग मागच्या रानात काम करणाऱ्या माझ्या चुलतीला हाक मारून विचारू लागल्या की या रानात भात कुठला लावता, आणि चिखलात बैल कसे घालता.